तांडेलाचा पंचा

"काय दिसता गे?"

आबांनी समोर बघतच विचारलं. मी कातळावर उकिडवी बसून डब्यातला चहा पेल्यात ओतत होते. खाली पुळणीवर होडी अर्धी पाण्यात, अर्धी वाळूत उभी होती. सहा वल्हेकरी तिच्यात बसून विड्या ओढत होते आणि येसो कुबल गुडघाभर पाण्यात उभा राहून मान वर करून आमच्याकडे बघत होता. त्याला तिथून दिसत होतं ते एवढंच, की तांडेल दर्या न्याहाळतोय आणि लेक त्याला चहा देतेय. गेली दोन वर्षं अख्ख्या कातळवाडीला एवढंच दिसत आलं होतं.

"अजून काय नाय," मी पेल्यात बघत म्हटलं. ओठ फार हलू न देता बोलायला मी चांगलीच शिकले होते.

"बरां बघ. खाडीच्या तोंडाकडे?"

"बघतंय."

माझं वय वीस. साल एकोणऐंशी, दसरा होऊन तिसरा दिवस. वडिलांचं नाव भिवा मेतर; वाडी त्यांना तात्या म्हणायची. वाडीच्या रापणीचे ते तांडेल, म्हणजे म्होरके. रापण हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. वाडीतली चाळीस घरं आपापला जाळ्याचा तुकडा आणायची आणि ते तुकडे एकमेकांना जोडून एक भलंमोठं जाळं व्हायचं. त्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धा फेर घ्यायची आणि दुसरं टोक लांब किनाऱ्याला आणून द्यायची. मग बायाबापड्या, म्हातारेकोतारे सगळे दोन्ही दोरांना लागायचे आणि ओढायचे. पण होडी कधी सोडायची आणि कुठून वळवायची, ते ठरायचं या कातळावर. तांडेल इथे उभा राहून पाण्याचा रंग बघायचा. बांगड्याचा थवा वर आला की तिथलं पाणी काळपट तांबूस पडतं. ते दिसलं की तांडेल खांद्यावरचा पंचा हलवायचा. पंचा डावीकडे हलला की होडी डावीकडे, उजवीकडे हलला की उजवीकडे. खालच्या माणसांना तिथून काही दिसत नसायचं. ती पंचा बघून जीव खाऊन वल्हवायची.

आणि आमच्या तांडेलाला हातभरापलीकडचं दिसत नव्हतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तालुक्याला डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा मी पाया पडून सांगितलं, चला म्हणून. "म्हणजे महिनाभर हिरवी पट्टी बांधून घरात बसू? हात दाखवून अवलक्षण!" म्हणाले. आबांच्या बापाने याच कातळावर तीस वर्षं पंचा हलवला होता, त्याच्या आधी आजाने. आई गेल्यावर आबांना या कातळाशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं. मी होते, पण मुलगी काय, आज आहे, उद्या नाही. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमचं चाललं होतं. मी रोज सकाळी चहाचा डबा घेऊन यायचे, बघायचे, सांगायचे. आबा पंचा हलवायचे. गावात नाव त्यांचं व्हायचं आणि ते ऐकून मला बरंच वाटायचं. पहिलं वर्षभर तरी.

मग मी दमले. खरं सांगायचं तर दुसरा शब्द नाही. चाळीस घरांच्या चुली पेटायच्या की नाही, ते मी पेल्यात बघत पुटपुटलेल्या दोन शब्दांवर ठरायचं. रात्री डोळे मिटले तरी पाणीच दिसायचं. आबांना म्हटलं, येसोला तरी सांगूया. येसो पस्तिशीचा, धडधाकट, मनाचा साफ गडी. आबांनंतर तोच तांडेल होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबा म्हणाले, "मी मेल्यार सांग." त्याच्यापुढे विषयच नाही.

माझं लग्न ठरलं होतं. मार्गशीर्षातला मुहूर्त, मुलगा मुंबईला गोदीत. ठरलं त्या दिवशी आमच्या लगतच्या घरात राहणारी माझी विधवा गुणाआत्या साखर वाटत गावभर फिरली. येऊन मला म्हणाली, "लगीन ठरलेली चेडवां घरात बसतत, ह्यां कातळार बसता. अगे, बापाक चाय देवक जातंस की थयच चाय पिकवतंस?" मी हसले. आबा हसले नाहीत. त्या दिवसापासून ते माझ्या लग्नाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात मला ताप भरला होता. आबा एकटे कातळावर गेले. त्या दिवशी गप्प बसायचं, 'आज काही नाही' म्हणायचं, सोपं होतं की नाही? पण खालून कोणीतरी ओरडलं, "तात्यानू, थय पाणी चाळवला!" आणि यांनी पंचा हलवला. होडी थेट बुडत्या खडकावर गेली. खडक पाण्याखाली असतो, पण वर लाट फुटते, ती पांढरी दिसते. बघणाऱ्याला दिसते. होडीची एक फळी तडकली आणि वल्हेकरी बाबल्याच्या गळ्याचं हाड मोडलं. दिवेलागणीला येसो घरी आला. मी आत गोधडीत होते, सगळं ऐकत होते.

"तात्यानू, फुटती लाट दिसाक नाय काय?"

"सूर्य डोळ्यार होतो," आबा म्हणाले.

 येसो पाणी प्यायला आणि गेला. सकाळचा सूर्य आमच्या पाठीमागे, डोंगराकडे असतो. समुद्र पश्चिमेला. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं.  मी सासरी गेल्यावर हा माणूस पुन्हा असाच पंचा हलवणार, आणि पुढच्या खेपेला नुसतं हाड मोडून भागणार नाही, हे मला लख्ख कळलं.

तर दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी मी कातळावर बसून होते आणि आबांनी खाडीच्या तोंडाकडे बघ म्हणून सांगितलं होतं.

मी बघितलं. तिथे पाणी तांबूस पडलं होतं. चांगला दोन खळ्यांएवढा पट्टा.

माझ्या तोंडात 'हा' आलाच होता. पण दोन वर्षं बघून बघून माझेही डोळे तयार झाले होते. मासळीचं पाणी चालतं. त्याच्या कडा तुटतात, जुळतात, ते प्रवाहाच्या ओढीच्या उलटं जातं. हे पाणी नुसतं पडून होतं. ओढ नेईल तिकडे सरकत होतं. आदल्या रात्री डोंगरात गडगडून पाऊस पडला होता, खाडीचा गाळ समुद्रात उतरला असणार. मासळी नाही, गाळ आहे, असं मी मनाशी ठरवलं.

आणि मग माझ्या मनात ते आलं. मी आता 'हा' म्हटलं तर काय होईल? रिकामं जाळं येईल. माणसं तासभर फुकट ओढतील, चार शिव्या देतील. दिवसाढवळ्या, साऱ्या गावादेखत तांडेल चुकेल. उद्या येसो आणि चार जाणते घरी येतील, म्हणतील, तात्यानू, आता बसा घरी, खूप केलंत. आबा दोन दिवस रुसतील. मग शिबिरात जातील, डोळे करून घेतील. कोणाला इजा नाही, कोणाचं नुकसान नाही. सुंठीवाचून खोकला जाईल.

"काय दिसता?" आबांनी पुन्हा विचारलं.

"हा," मी म्हटलं. "खाडीच्या तोंडाकडे. मोठो थवो आसा."

आबा लगेच हलले नाहीत. एरवी माझा शब्द संपायच्या आत पंचा खांद्यावरून निघायचा. त्या दिवशी ते जरा थांबले, मान थोडी कलती करून. मला वाटलं, दम लागला असेल.

"खरांच?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"हा," मी म्हटलं.

त्यांनी पंचा काढला आणि हलवला.

खाली एकच आरोळी उठली. विड्या पाण्यात पडल्या, होडी सुटली. घराघरांतून माणसं धावत आली. बायका ओचे खोचत, पोरं चड्ड्या सावरत, म्हातारे काठ्या टाकून. महिनाभर बांगडा नव्हता आणि सगळे त्याच्यासाठी आसुसलेले. मी आबांना हात धरून खाली उतरवलं आणि दोराला लागले. माझ्यापुढे गुणाआत्या होती.

"जड लागता गे!" ती मागे वळून म्हणाली. तिचं तोंड फुललं होतं. "रतन, जड लागता! तुझ्या लग्नाक दर्यान आहेर धाडल्यान!"

खरंच जड लागत होतं. मला कळेना. गाळाचं पाणी जाळ्यातून निघून जातं, त्याला वजन कुठलं? दोर हाताची सालं काढत होता. माणसं ओरडत, गात ओढत होती आणि मला क्षणभर वाटलं, देवाला माझी दया आली, खरोखरच मासळी आहे. मी खोटं बोलले आणि ते खरं झालं. मी जीव तोडून ओढू लागले.

जाळ्याचा पोटाकडचा भाग उथळ पाण्यात आला आणि येसो थांबला. मग बाकीचे थांबले.

जाळ्यात मासळी नव्हती. आम्ही चीक म्हणतो आणि आता टीव्हीवर ज्यांना जेलीफिश म्हणतात, त्या होत्या. परातीएवढाल्या, तांबूस, बुळबुळीत, शेकड्यांनी, हजारांनी एकमेकींवर दाबून बसलेल्या. गाळ नव्हताच तो.

"मासो खय हा?" मागून कोणीतरी विचारत होतं. "अरे, मासो खय?"

"सोडा! दोर सोडा!" येसो ओरडला. पण मागच्यांना कळायच्या आत त्यांनी आणखी एक हिसका दिला आणि तेवढ्या ओझ्याने जाळं फाटलं. एका जागी फाटलं असतं तर गोष्ट वेगळी. ते जोडाजोडांवर तुटलं आणि मधोमध उसवत गेलं. ज्यांचे हात त्या बुळबुळीत गोळ्यांना लागले, त्यांच्या अंगाची आग आग झाली. पोरं रडायला लागली. गुणाआत्या दोर हातात धरून तशीच उभी होती, तिच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलंही नव्हतं.

कोणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. जो तो आपला जाळ्याचा तुकडा हुडकत होता, उचलून उजेडात धरत होता आणि खाली टाकत होता.

बाबल्याचा बाप तेवढा पुटपुटला, "पयली होडी, आता जाळां."

आबा तोवर वाळूत मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "काय झाला?"  मग त्यांनी मोठ्याने विचारलं, "येसो, काय झाला?"

येसोने सांगितलं. थोडक्यात आणि अदबीनं सांगितलं.

आबा चार पावलं पुढे आले. पुढे एक दोर पडला होता, त्याला अडखळले आणि सावरले. म्हणाले, "आयका सगळे. माका दिसना नाय. दोन वरसां झाली. आजची चूक माझी, होडयेची चूक माझीच. माझां चेडू रोज कातळार येय होतां, तां माका सांगी, काय आसा नि काय नाय. दोन वरसां तुमी जे बांगडे खाल्लात, ते तेणां दाखवलेले. आज तां चाय ओतीत होतां, मीच घाई केलंय. चेडवाक कोणी काय बोलू नकात." आणि खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी हवेत पुढे धरला. येसो दुसऱ्या बाजूला उभा होता. त्याला वळसा घालून पुढे यावं लागलं, तेव्हा कुठे पंचा त्याच्या हातात आला.

हे मला हवं होतं ते. अगदी असंच व्हावं म्हणून मी खोटं बोलले होते. पण ते झालं तेव्हा मी वाळूतच बसले.

बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी कपाळावर बोटं मोडली. "बापाचे डोळे झालां गे ह्यां चेडू," त्या म्हणत होत्या. "दोन वरसां! आणि एका शब्दान कोणाक कळाक नाय!" ज्यांचं जाळं वाळूत चिंध्या होऊन पडलं होतं, त्याच माझं कौतुक करत होत्या. मला तिथेच जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आबांनी येसोला निरोप धाडला, की फाटलेले सगळे तुकडे आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आणून टाका. जाळ्याची गाठ मारायला डोळे लागत नाहीत. बोटांना सवय असली की झालं. त्यांनी एक सुई स्वतः घेतली, एक माझ्या हातात दिली आणि आम्ही बसलो. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. माझ्या हळदीला जेमतेम दीड महिना राहिला होता आणि बोटं सुताने कापून निघाली होती. गुणाआत्या पेज आणून द्यायची आणि म्हणायची, "नवऱ्याक हात दाखव नको, पळान जायत." पहिले दोन दिवस मी हसायचा प्रयत्न केला. पुढे तेवढीही ताकद राहिली नाही. एक तुकडा संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा.

सहाव्या दिवशी दुपारी, खळ्यात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा आबांनी हातातली गाठ ओढता ओढता विचारलं, "तुका काय वाटला होतां? गाळाचां पाणी?"

माझी सुई थांबली.

मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. पण तेवढं बळही नव्हतं. "हा," मी म्हटलं. आणि मग, "तुमका ठावक होता?"

"मासळी नाय, इतक्या ठावक होता."

"कसां?"

"बांगडो वर इलो की पाणी वाजता. सुपात तांदूळ पाखडतत, तसा. तुझे डोळे चांगले, तुका आयकूची गरज कधी पडाक नाय. माका आता तेवढांच उरला हा." त्यांनी सूत दातांनी तोडलं. "त्या दिवशी पाणी गप होतां."

"मगे पंचो कित्याक हलवलात?"

आबांनी पुढचा तुकडा मांडीवर ओढला आणि फाटकी कड बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "तू 'हा' म्हटलंस म्हणान. दोन वरसां तू म्हटलंस तसां केलंय. त्या दिवशी मी नाय म्हटला असता, तर माझां चेडू माझ्या तोंडार खोटां बोलला, असां झाला असता. तां माका नको होतां. त्यापरास जाळां रिकामां येवंदे, म्हटलंय. चिकाचां माकाय कळाक नाय."

मला रडू फुटलं. मी हमसून हमसून रडले. ते गाठी मारत राहिले.

"मी आजच लोकांका खरां सांगतंय," मी म्हटलं.

"काय सांगतलंस?"

"मी मुद्दाम केलंय म्हणान. तुमी घरी बसाचात म्हणान."

"नको." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. "म्हाताऱ्याक दिसाक नाय, चुकलो, तां लोक सोसतत. पण कातळावरना कोणी जाणून खोटां सांगला, तां एकदा कळला, की फुडे दोरीक हात कोण लावतलो? उद्या येसो पंचो हलवतलो आणि लोक दारात उभे ऱ्हवान इचार करीत बसतले, खरां की खोटां. इचार संपासर मासो जाता." मग म्हणाले, "तू दमलंस, तां माका कळा होता. मीच सोडूक नाय तुका. आता सुई घे."

मी सुई घेतली.

जाळं लग्नाच्या आठ दिवस आधी पुरं झालं. आबांनी पुढे डोळे करून घेतले, पण उशीर झाला होता. उजव्या डोळ्याने थोडंफार दिसायचं, तेही जवळचं. अकरा वर्षांनी ते गेले. वाडीत त्यांची आठवण निघाली की माझी निघतेच. बापाचे डोळे झालेली मुलगी म्हणून सासरी, माहेरी, नातवंडांपर्यंत माझी गोष्ट सांगितली जाते. मी ती आता सवयीने ऐकून घेते.

येसोने मात्र अठरा वर्षं रापण चालवली. त्याने पंचा हलवला की जेवत्या ताटावरून माणसं उठायची. कोणी वर बघून विचार केला नाही. माहेरपणाला आले असले की मीही धावायचे. आमच्याकडे रीत अशी, की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो वाटेवरचा पाहुणा का असेना. ओढून झालं की येसो वाळूत ढीग लावायचा आणि एक ढीग माझ्यापुढे सरकवायचा.

"घे गे रतन, तुझो वाटो."

"नको," मी म्हणायचे. "घरात आसत मासे."

नसायचे. आबांना बांगडा फार आवडायचा आणि ते दारात बसून माझी वाट बघत असायचे. मी रिकाम्या हातांनी घरी जायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही, का म्हणून.